आंबियाचं बोट

दुपारची अजान होऊन गेली की बादल्या ओतायची पाळी मोर्शेदाची. खरं तर ती याच शाळेतली बाई, तिसरीच्या पोरांना गणित शिकवणारी. पण वादळात बांध फुटला, खाडी घराघरांत शिरली, आणि खांबांवर उभी असलेली ही शाळा तेवढी हरिणखोला गावात कोरडी राहिली. पाण्यामागून पटकी आली. वर्गातली बाकं बाहेर गेली, खाटा आत आल्या.

पटकीची खाट निराळीच असते. वर रेक्झिन, मधोमध भोक, भोकाखाली बादली. माणूस नुसता पडून असतो आणि त्याच्यातलं पाणी पेजेसारखं खाली गळत राहतं. त्याला मासळी कुजल्यासारखा, जरा गोडसर वास येतो. वरून ब्लीचिंग पावडर टाकली की तो वास मरत नाही, नुसता घशाला चिकटतो. मोर्शेदा नाकावर ओढणी घट्ट बांधायची, बादलीत न बघता बादली उचलायची, आणि तरीही तिला ती दिसायचीच. हात इतके धुवायची की बोटांच्या बेचक्यांतली साल निघाली होती. धुतल्यावर वाटायचं, नीट धुतले ना? मग पुन्हा.

त्या दिवशी तिचं लक्ष बादल्यांत नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाला शाळेच्या ऑफिसात तिची आठ महिन्यांची टुसू सासूजवळ होती. घर वाहून गेल्यापासून त्या तिघींचा संसार त्याच खोलीत. नवरा चट्टग्रामला जहाजं तोडायच्या कामावर. आणि टुसूला पहाटेपासून जुलाब लागले होते. पाण्यात कालवून पाजायच्या सलाईनच्या पुड्या संपलेल्या. औषधांची होडी आज येईल, उद्या येईल, असं चाललेलं.

पुड्या नसल्या तरी अडत नाही. मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ, अर्धा शेर पाणी. या मुलखातल्या मुलींना हे नमाजाच्याही आधी पाठ होतं. ढवळायचं आणि चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. मोर्शेदाने पाळीवर येण्याआधी शाळेच्या टाकीतलं पावसाचं पाणी उकळून, गाळून, निववून वाडगाभर करून ठेवलं होतं. चाखलं. बरोबर वाटलं. तरी सासूला चाखायला लावलं.

"अगं बरोबर आहे," सासू म्हणाली होती. "तुम्हा शिकलेल्यांना चिमूटसुद्धा दोघींनी धरावी लागते."

"अम्मा, ती झोपेतून उठली की लगेच द्या. चमच्याने."

"तुझा नवरा काय शाळेत जाऊन वाढवला मी?"

खिडकीजवळची खाट रिकामी होती. तिथली आंबिया परवाच पटकीने गेली. खाट धुऊन उन्हात तापवून परत ठेवलेली, खाली धुतलेली बादली. मोर्शेदाने ती सहज पायाने सरकवली, तर जड लागली. बघायचं नाही असं ठरवून तिने बघितलं. तळाला पेजेसारखं पाणी होतं. बादलीला हात लागला. कोमट होती.

कुणीतरी पोराला बसवलं असेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि ती बादली आधी ओतून आली.

आंबियाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. वादळानंतर तिच्या मुलाला हगवण लागली, तिने हेच केलं, गूळ, मीठ, पाणी. चाखलं, बरोबर लागलं. मुलाला झटके आले आणि तो गेला. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी ताप. मग तीच या खाटेवर आली. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, बोटांची कातडी दिवसभर कपडे धुणाऱ्या बाईसारखी सुरकुतलेली. जो जवळ येईल त्याला एकच विचारायची, "खारट झालं होतं का गं...? तू चाखून सांग ना..."

मोर्शेदा ओतलेली बादली घेऊन दारात आली आणि थबकली. माश्या गप्प झाल्या होत्या. एरवी त्या खोलीत माश्यांचा आवाज गिरणीसारखा चालू असे.

हारुनचाचांच्या खाटेशी एक बाई उकिडवी बसली होती. पाठमोरी. ओली साडी अंगाला चिकटलेली. तिने खाटेखाली हात घातला, बादलीत बोट बुडवलं आणि ते तोंडात घातलं.

मोर्शेदा दारातूनच ओरडली.

"ए... काय करतेस? काढ हात..."

बाई हळूच म्हणाली, "हे नाही..." आणि पुढच्या खाटेकडे सरकली. पुन्हा हात खाली. पुन्हा बोट तोंडात, लहान मूल चोखतं तसं, सावकाश. "हेही नाही..."

भ्रमात आहे बिचारी, मोर्शेदाला वाटलं. आवरायला हवं, धरायला हवं. पण त्या हाताला हात लावायचा, या विचाराने तिचे पाय हलेनात. तेवढ्यात बाई उठून पलीकडच्या दारातून व्हरांड्यात गेली. डावीकडे. ऑफिसच्या बाजूला.

मोर्शेदा बादली टाकून धावली.

सासू चटईवर बसली होती. मांडीवर टुसू, जागी, मलूल. रडत होती पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. सासूच्या एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात भरलेला चमचा. आणि तिच्या खांद्याला खांदा लावून आंबिया बसली होती. सासूला काहीच दिसत नव्हतं. आंबियाने तेच बोट वाडग्यात बुडवलं, पार पेरापर्यंत. चाखलं. मग तिने मान वर करून मोर्शेदाकडे पाहिलं.

"हेच..." ती म्हणाली. "तसंच आहे... हेच..."

मोर्शेदाने पुढे होऊन वाडगा उडवला. चमचाही. गुळाचं पाणी भिंतीवर, सासूच्या पदरावर, टुसूच्या केसांवर.

"डोकं फिरलं का सूनबाई? शेवटचा गूळ होता तो."

"तिने बोट घातलं त्यात... बादलीतलं बोट..."

"कुणी?"

चटईवर सासू होती आणि टुसू होती. माश्या पुन्हा घोंगावायला लागल्या.

ती दुपार मोर्शेदाने टुसूला छातीशी धरून काढली. टुसू थोडंसं दूध ओढायची, सोडून द्यायची. टाळूवरचा खड्डा बोटाला लागत होता. सासू भिंतीवरचं गुळाचं पाणी पुसत राहिली. एका घाणेरड्या भासापायी मी लेकराच्या तोंडचं पाणी सांडलं, मोर्शेदा मनात म्हणत होती. आई व्हायची अक्कल कुणाला असते कुणाला नसते.

ऊन कलल्यावर होडीचा भोंगा वाजला. नर्स दीपालीदीदी पुड्या आणि गोड्या पाण्याचे कॅन घेऊन वर आली, धापा टाकत. तहान लागली म्हणून तिने ऑफिसातल्या घागरीतलं उकळलेलं पाणी पेल्यात ओतलं, घोट घेतला आणि खिडकीबाहेर थुंकला.

"हे कुठलं पाणी?"

"टाकीतलं. पावसाचं आहे."

"खाडी शिरलीय टाकीत. तुला कळलं नाही?"

"मी चाखलं होतं, दीदी. अम्मांनीपण."

"वादळापासून हेच पिताय, तुम्हाला कसं कळणार? मी चार दिवस इथे राहिले तर मलाही गोडच लागेल." तिने टुसूकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "यात वर चिमूटभर मीठ घालून पाजलं असतं ना... झटके आले असते."

सासूच्या हातातलं दुपटं खाली पडलं.

टुसू वाचली. तिसऱ्या दिवशी तिने रडताना डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा सासू ते पुसूच देईना. मोर्शेदाला वाटलं होतं, आंबियासाठी दोन शब्द दुवा मागावी. ती बसलीही. पण डोळे मिटले की ते बोट दिसायचं, आणि दुवेऐवजी ओकारी यायची. ज्या बाईने लेकरू वाचवलं तिची एवढी किळस यावी, याची तिला लाज वाटायची, तरी ती यायचीच. तो वाडगा तिने चार वेळा उकळला आणि शेवटी खाडीत फेकून दिला.

आता बांध बांधून झालाय. शाळेत पुन्हा बाकं आलीत, टाकीचं पाणी गोडं झालंय. टुसू धरून धरून चालते. तिची एक खोड आहे. पाण्याचा पेला पुढे केला की ती आधी बोट बुडवते, पार पेरापर्यंत, आणि चोखते. मग वर बघते. आईकडे नाही, आईच्या खांद्यामागे. जराशी थांबते आणि मग पिते. सासू हसते, "आईवर गेलीय, चाखल्याशिवाय घेत नाही." एकदा टुसूने पेला लोटून दिला, तेव्हा मोर्शेदाने काही न विचारता सगळी घागर ओतून टाकली.

काल दुपारी शाळा सुटल्यावर तिने टुसूला पाजायला घेतलं. टुसूने तोंड लावलं नाही. छातीवरचा दुधाचा थेंब तिने बोटाने टिपला. त्या इवल्या बोटाची कातडी सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. तिने ते चोखलं आणि आईच्या खांद्यामागे बघत राहिली.

खोलीतल्या माश्या गप्प झाल्या.

टुसूने आईकडे पाहिलं, आणि नको म्हणून मान हलवली.