तीन बावन्नला थांबणारं मशीन

ही गोष्ट खोटी निघाली तर खुशाल माझ्या तोंडावर सांगा. त्या खोलीत मी स्वतः जाऊन आलोय.

माझा आतेभाऊ, आमचा दादा, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भुताखेतांची टर उडवण्यात त्याचा पहिला नंबर!

आतोबा गेले ते भर दुपारी, कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या. आत्याला पत्र लिहीत होते. चाळीस वर्षांच्या संसारातलं पहिलं पत्र.

"मला तेवढं वाचून दाखव रे," आत्याने दादाच्या मागे धोशाच लावला.

जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. म्हणून दादाने तो अख्खा, आहे तसा, आपल्या लॅपटॉपमध्ये उतरवला. लॅपटॉपच्या एका खिडकीत आतोबांचा कॉम्प्युटर चालू...

पण त्यांच्या लिहायच्या प्रोग्रामची मुदत संपलेली. दादाने शक्कल लढवली. आतल्या मशीनचं घड्याळ मागे नेलं. पत्र शेवटचं सेव्ह झालं त्या दिवसावर, त्या वेळेवर.

तीन चाळीस.

एका रविवारी दुपारी आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली. प्रोग्राम रखडत रखडत उघडला. पत्राची पहिली ओळ दिसली.

"तुला कधी बोललो नाही, पण..."

आणि मशीन गोठलं. घड्याळात तीन बावन्न.

दादाने सुरुवातीलाच मशीनची प्रत ठेवली होती. तिच्यावर परत गेलं की मधलं सगळं पुसलं जातं. तो परत गेला. मेमरी वाढवली.

तीन बावन्न... ठप्प.

नेट तोडलं. आवाज बंद केला.

तीन बावन्न... ठप्प.

"डोक्याला ताप नुसता!"

चौथ्या वेळी लॅपटॉपमधून कुणीतरी खोकलं...

आवाज तर बंद होता.

आत्याने दादाचं मनगट धरलं. "किती वाजता थांबतंय रे हे?"

"तीन बावन्नला. का गं?"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "खुर्चीतून कोसळले, तेव्हा माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. ते गेले तेव्हा तीन बावन्नच झाले होते."

 तरी दादाने पाचव्यांदा मशीन मागे नेलं. आईला पत्र ऐकायचं होतं ना!

या वेळी पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ होती. प्रतीत नसलेली...

"पोराला सांग, मला सारखं सारखं मागे आणू नको. दर वेळी छातीत तीच कळ येते."

तीन एक्कावन्न झाले होते. दादाने मशीन पॉजवर टाकलं.

ते आजही तसंच आहे. पुढे चालवायची त्याची छाती होत नाही. पुसायचीही नाही. लॅपटॉपची वायर कुणी काढत नाही.

परवा मी त्या खोलीत गेलो होतो. पॉजवर टाकलेल्या मशीनमध्ये काहीही हलत नाही, हे मला दादानेच शिकवलंय. पण त्या ओळीखाली कर्सर लुकलुकत होता...

आत्या पडद्यावर हात ठेवून बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"आत्ता त्यांना दुखत तर नसेल ना रे?"