हजर दाखवलेली मुलं

साजिदा मुकादम खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. समोरच्या पाण्याला तिनं हात लावला नव्हता.

"मला सस्पेंड केलंय, छायाताई. नोकरी गेली की माझ्या मुलाची, अर्शची, सीटही जाणार. पाच शाळांनी नाही म्हटल्यावर या शाळेनं त्याला घेतलं होतं."

छाया देवस्थळी विम्याच्या खोट्या दाव्यांचा तपास करायची. निवृत्तीनंतर आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या फ्लॅटमधूनच ती खासगी कामं घेई. गाडी चालवणं आणि ऐकणं, ही तिच्या नवऱ्याची, उल्हासरावांची, कामं. बाईचा चेहरा बघून त्यांना गलबलून आलं.

"पहिल्यापासून सांग," छाया म्हणाली.

साजिदाची चार्टर शाळा खासगी संस्था चालवायची, पैसा सरकारचा. यंदा शाळेच्या समितीला दोनांतला एक फॉर्म्युला निवडायचा होता. एक, पटावर जितकी मुलं तितके पैसे. दुसरा, रोज जितकी मुलं हजर तितके, आणि विशेष मदत लागणाऱ्या मुलांमागे जास्त. दुसरा जमेल का हे बघायला गेटवरच्या कार्डांवरून चाचणी चालू होती. सोमवारी विशेष वर्गातली चार मुलं कांजिण्यांनी घरी होती, तरी मशीननं ती हजर दाखवली. कुणीतरी ऑफिसातल्या कपाटातली डुप्लिकेट कार्डं वापरली होती.

"कार्डांचं काम माझं. आणि अर्श त्याच वर्गात. जास्त पैसे आले तर त्याचाच फायदा, असं सगळे म्हणतात."

"अर्श शाळेत जातो कसा?"

"मी सोडते. त्याला गर्दीचा आवाज सोसत नाही. त्या वर्गाला मागचं दार दिलंय, तिथं वेगळं मशीन आहे."

दुसऱ्या दिवशी छाया शाळेत सगळ्यांना भेटली. विशेष वर्गाची शिक्षिका मुग्धा तापलेलीच होती.

"मला दुसराच फॉर्म्युला हवाय, लपवत नाही. वर्गाला आणखी एक टीचर मिळेल. पण माझ्या इवल्याशा वर्गात चार खोटी मुलं मला दिसणार नाहीत का? मी रोज मागच्या दाराशी उभी राहून एकेकाला आत घेते."

मुख्याध्यापिका नबिला मॅडम जॉर्डनच्या. त्या इंग्रजीत बोलल्या, शांतपणे. "मागचं ते दार मीच करून घेतलं. मलाही दुसराच फॉर्म्युला हवा होता. आता तो कुणाच्या तोंडून ऐकायलाही नको वाटतो. या हजेरीवर विश्वास कोण ठेवणार?"

फायनान्सचे विजयकुमार मात्र मोकळेपणानं बोलले. "मी पहिल्या फॉर्म्युल्याचा माणूस. बजेट स्थिर राहतं. वर्गांच्या हजेऱ्या मी महिनाअखेरीच बघतो, पण सोमवारी सहज मशीनच्या नोंदींशी मॅच करून पाहिलं आणि घोळ सापडला. चारही कार्डं मोठ्या गेटच्या मशीनवर लागली होती."

"मोठ्या गेटवर?"

"अर्थात. मुलं तिथूनच तर येतात."

परतताना उल्हासराव म्हणाले, "विजयकुमारांना तरी सोडून दे. हजेरी फुगली तर त्यांच्या विरुद्ध बाजूचा फायदा. आणि घोळ त्यांनीच पकडला."

"दोन्ही खरं आहे," छाया म्हणाली.

गुरुवारी दुपारी समितीची बैठक भरली. नबिला मॅडमनी छायाला आधी बोलू दिलं.

"चोरी लपवायची असती," छाया म्हणाली, "तर मोठ्या वर्गांतली इकडची तिकडची मुलं हजर दाखवली असती. इथं निवडला सगळ्यात लहान वर्ग, जिथं टीचरला एकेक मूल पाठ आहे. म्हणजे ही लबाडी सापडावी म्हणूनच केलेली होती. ती सापडली आणि हजेरीचा फॉर्म्युलाच बदनाम झाला. फायदा कुणाचा? ज्याला तो नको होता त्याचा."

विजयकुमारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दुसरं. साजिदा, मुग्धा, नबिला मॅडम, तिघींना माहीत आहे की ही मुलं मागच्या दारानं येतात. त्यांनी कार्डं तिथं लावली असती. ती मोठ्या गेटवर लावली ती हे माहीत नसलेल्या माणसानं. विजयकुमार, माझ्याशी बोलताना तुम्हीच म्हणालात, मुलं तिथूनच येतात. आणि महिनाअखेरी बघायच्या हजेऱ्या तुम्ही नेमक्या सोमवारी पाहिल्यात."

मागं बसलेल्या उल्हासरावांना आता उलगडलं. आपण ज्याला सोडून द्यायला सांगत होतो, तोच.

"माझ्या आधीच्या शाळेत हजेरीवरच पैसे होते," विजयकुमार म्हणाले. "फ्लूची साथ आली, पैसे घटले. शिक्षकांना काढल्याची पत्रं मी हातानं दिली. ते पुन्हा नको होतं. साजिदावर येईल हे... मी डोक्यात येऊच दिलं नाही."

नबिला मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "या फॉर्म्युल्यात साथीच्या दिवसांतली गैरहजेरी धरतच नाहीत, विजयकुमार. मला विचारायचं होतंत."

विजयकुमारांचा राजीनामा तिथंच घेतला गेला, आणि संध्याकाळच्या आत समितीनं एकमतानं दुसरा फॉर्म्युला निवडला.

साजिदा बाहेर व्हरांड्यात रुवैसला कामाला असलेल्या नवऱ्याशी फोनवर बोलत होती. "अहो, खलास. झालं सगळं. उद्यापासून ड्युटीवर या म्हणाले... नाही हो, रडत नाहीये." ती रडत होती, आणि हसतही होती.

फोन ठेवून ती छायाकडे आली. "आज घरी चला. कोलंबीचं सालन नि तांदळाची भाकरी करते. नाही म्हणू नका."

छायानं नवऱ्याकडे पाहिलं. साजिदा घरी येऊन गेल्यापासून उल्हासरावांचं जेवणात लक्ष नव्हतं. आता त्यांना सणसणून भूक लागली होती.

"यल्ला, चला," ते म्हणाले आणि गाडी काढायला निघाले.