वरची ओळ

“चहा घेता का?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. पलंगावरच्या सुधाकररावांच्या गळ्याभोवतीची मऊ पट्टी जराशी हलली आणि शेजारचा संगणक त्यांच्याच जुन्या आवाजात बोलला, “हो, घेईन. धन्यवाद.”

परतवाड्याच्या ढोक्यांच्या घरात धन्यवाद! उभ्या संसारात ज्योत्स्नाबाईंनी हा शब्द नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मंडप आणि लाउडस्पीकरच्या धंद्यातला माणूस. आवाज खणखणीत, आभारबिभार मानायची सवय नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मान धरेना, हात उचलेना, तोंडातून आवाज फुटेना; गळा तेवढा एखाद्या शब्दापुरता हलायचा. तेव्हापासून ही कंठपट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल टिपायची आणि संगणक त्यावरून अंदाज बांधून पुरं वाक्य बोलायचा. अंदाज दिवसेंदिवस सुधारतोय असं सगळे म्हणायचे, कारण तो सुधाकररावांच्या सवयी शिकत होता.

पुण्याला जायचा होकारही ह्याच आवाजात आला होता. मुलानं, निखिलनं, व्हिडिओवर विचारलं होतं, “बाबा, घर विकून इकडेच या दोघं. याल ना?” संगणक लगेच म्हणाला होता, “हो, येऊ आम्ही.” ज्योत्स्नाबाईंना जायचं नव्हतं. सगळा गोतावळा इथला. पण यांनीच हो म्हटल्यावर आपण कशाला आडवं पडायचं? येत्या रविवारी ट्रक यायचा होता, घराचा सौदा मागाहून.

अन् त्याच आठवड्यात संगणकावर सूचना झळकली : ‘या यंत्रासाठीची सेवा थांबवली आहे. कृपया नवा संगणक घ्यावा.’ सुधाकररावांचा आवाज बंद.

“यंत्र ठणठणीत आहे, नवं काऊन घेऊ?” ज्योत्स्नाबाई भडकल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. उत्तर पटल्याशिवाय पुढं जायची नाही. त्यांनी चित्रा वानखडेला फोन लावला. चित्रा पूर्वी त्यांच्याच शाळेत होती, आता वाचनालयातला संगणक कक्ष बघायची.

ती आली, बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, संगणकाला काही झालं नाही. आतली कार्यप्रणाली बंद पाडली त्यांनी. म्हणजे सगळा कारभार पाहणारा दिवाणजी काम सोडून गेला. आपण दुसरा ठेवू. मुक्त प्रणाली टाकू, तिचा कारभार उघडा असतो. कोणीही आत डोकावून पाहावं.”

“मी डोकावून मला काय समजते?”

“समजेल अशीच निवडू न.”

चित्रानं तीन पेनड्राइव्ह आणले होते. प्रणाली तिथूनच चालवून बघायची, पटली तरच संगणकात बसवायची. दुकानात साडी अंगावर टाकून बघतो तसं. पहिली उघडली तर काळा पडदा, आणि आज्ञेची वाट बघणारी एक रेघ. “हे तर मलाच फळ्यासमोर उभं केलं. पुढची लाव.” दुसरी झगमगीत होती, पण एकदा दिसलेलं बटण पुन्हा जागेवर सापडेना. “चमकते लय. कामाची नाही.”

तिसरीचं नाव टिटवी. मोठी अक्षरं, सरळ मराठी, चुकलं तर मागं फिरायला ठळक बटण. कंठपट्टी तिनं आपणहून ओळखली. ज्योत्स्नाबाईंनी चित्राला खुर्चीवरून उठवलं, स्वतः सगळीकडे फिरून आल्या आणि म्हणाल्या, “हीच.”

टिटवीनं विचारलं, जुन्या प्रणालीनं शिकलेल्या सवयी आणायच्या का? आणल्या. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. वर ‘ऐकलेलं’, खाली ‘अंदाज’. जुन्या प्रणालीत खालची ओळ तेवढी बोलली जायची. वरची कुणाला दिसतच नसे.

“चहा घेता का?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

वर : नको. खाली : हो, घेईन. धन्यवाद.

चित्रा हसत सुटली. “भाऊजी, अजून तसेच का तुम्ही!” आता पहिल्याच विचारण्याला हो म्हणणं बरं दिसतं का कुठं? ते नको म्हणायचे, ज्योत्स्नाबाई कप आणायच्याच, आणि चमच्यानं पाजलेला चहा ते तळापर्यंत प्यायचे. यंत्रानं गिळणाऱ्या गळ्यावरून हे रोज टिपलं आणि ठरवून टाकलं की या माणसाचा नको म्हणजे हो.

ज्योत्स्नाबाईही हसत होत्या. एकदम थांबल्या. “अवो,” त्या पुढं वाकल्या, “पुण्याला जायचं न?”

वर : नको. खाली : हो, जाऊ या.

“बाप्पा रे!” त्यांनी कपाळाला हात लावला. त्या दिवशी फोन ठेवल्यावर यांचा गळा कितीतरी वेळ हलत होता. संगणक म्हणाला होता, “मी थकलो आहे, झोपतो,” आणि त्यांनी पडदा ओढून दिवा घालवला होता. हा माणूस ओरडत होता आणि आपण त्याला झोपवलं! त्यांना रडू फुटलं.

चित्रानं हळूच विचारलं, “मॅडम, पण हाही नको रीतीचाच असला तर?”

“मग परत विचारायचं! घरोघरी तेच करतात न? त्या यंत्रानं परत विचारलंच नाही कधी. अन् हो ऐकून मी पण गप बसली.” डोळे पुसून त्यांनी स्वतःच अंदाजाचं बटण शोधलं आणि बंद केलं. खालची ओळ गेली.

“केलाय चहा. घ्या न.” वर उमटलं : हो.

“पुण्याला खरंच नको?” नको. तिसऱ्यांदा विचारलं. नको, नको, नको.

त्यांनी निखिलला फोन लावला. “ट्रक रद्द कर.”

“अगं आई, बाबाच तर हो म्हणाले!”

“ते बाबा नव्हते रे. मी सांगते तुला सगळं, पण ट्रक आधी रद्द कर.”

टिटवी कायमची बसवून चित्रा गेली. ज्योत्स्नाबाई बशी घेऊन उशाशी बसल्या. त्यांना आता हुरूप आला होता. “सगळं पहिल्यापासून विचारते तुम्हाला. रोज सकाळी भजनं लावते, ती हवीत का?”

नको.

“खरंच?”

नको.

“दोन वर्षं ऐकवली की हो मी!” त्या पोट धरून हसल्या. मग चमचा बशीत तसाच फिरवत राहिल्या. “अन् मी? दिवसभर अशी डोक्याशी बसून असते. हवी का मी जवळ?”

गळ्यावरची पट्टी हलली.

नको.

खाली आता काहीच नव्हतं. हा नको रीतीचा की खरा, ते सांगणारं घरात कुणी नव्हतं. ज्योत्स्नाबाईंनी बशी खाली ठेवली, खुर्ची आणखी जवळ ओढली आणि परत विचारलं, “खरंच नको?”