मनसारामच्या नावाचा पिंड

अबे नदीम, तो मोबाईल ठेव खाली. अन् सूरज, तू दार लोटून घे. मनानं रचलेल्या गोष्टी मी सांगत नाई. हे माझ्या ओळखीच्या माणसासंगं झालं. त्याले मी माझ्याच गाडीतून दवाखान्यात नेत होतो.

मागच्या सालची गोष्ट. पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी गावागावानं 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून रोगराई शिवेबाहेर काढली, त्याच दिवसाची रात. नागभीडच्या पलीकडे तलावाकाठी एक गाव आहे, तिथून मनसारामले घेऊन मले नागपूरले जायचं होतं. सकाळी एमआरआयचा नंबर होता, म्हणून रात्री दोनले निघायचं ठरलं.

मनसाराम ढीवर. तलावात मासे मारायचा, गोष्टीगोष्टीले हसायचा. त्याच्या लिव्हरात कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं पोट न फाडता बरगडीखालून सुई घातली अन् गाठ आतल्या आत जाळली. ती पुरती जळली का नाई, ते महिन्यानं एमआरआय करून पाह्यलं. तवाही गाडी माझीच. डॉक्टरनं पडद्यावर बोट ठेवलं. "हा काळा भाग दिसतो ना? शिरेतून औषध सोडलं, तरी इथे रक्त पोचत नाही. म्हणजे हा भाग मेला. आपल्याला हेच हवं होतं. आता हा डाग हळूहळू लहान होईल."

आम्ही खूश. पण परतीच्या वाटेवर त्याची बायको इंदिराबाई म्हणते, "गफ्फारभाऊ, तेवढा तुकडा मेला ना? त्याची माती नाई, दहावा नाई. असा मेलेला अंगात ठेवावा का?"

मनसाराम पोट धरून हसला. "अवो, मी जित्ता आहो न बाप्पा!"

मी मुसलमान माणूस, पिंडातलं मले काय समजते! पण बाई हट्टाले पेटली. तिनं खरंच तलावावर पिंड ठेवला. गावातले दहावे देवराव म्हातारा करते. त्यानं विचारलं, "कोणाच्या नावानं ठेवू?" पिंडाले नाव लागतेच. आता लिव्हरच्या तुकड्याले कोणतं नाव राहीन? बाईनं सांगून टाकलं, "मनसाराम." अन् मनसाराम तिथीच जाळं विणत बसून खी खी हसून राह्यला होता. पत्रावळ भुईले टेकली नाई, तं कावळ्यानं पिंड उचलला. देवराव म्हणे, "एवढा भुकेला मेलेला म्या पाह्यला नाई."

तं ती रात. मी गाडी तलावाच्या पाळीवर लावली, मनसारामचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी गफ्फार."

"पुन्हा बोला."

"अवो बाई, गफ्फार! उघडा."

दार बोटभर उघडलं. बाईनं मले हात धरून आत ओढलं अन् कडी लावली. मनसाराम खाटेवर पडला होता. अर्धा राह्यला होता गडी. पिंड झाला तवापासून त्याले भूकच नाई.

"भाऊ, ते रोज रात्री येते," बाई हळूच म्हणे. "यांच्याच आवाजात जेवाले मागते. पह्यल्या दिवशी मले वाटलं, हेच तलावावरून आले. म्या ताट बाहेर ठेवलं. आता ठेवत नाई, तं..."

दार वाजलं.

"इंदिरे."

मी खाटेकडं पाह्यलं. मनसारामचं तोंड बंद होतं. आवाज त्याचाच होता.

"इंदिरे... वाढ."

गावातलं एकही कुत्रं भुंकलं नाई. फटीतून वास आला... करपलेल्या माशाचा.

"माझ्या नावानं बोलावलं न तू..."

बाईच्यानं राहवलं नाई. रडत ओरडली, "काय पाह्यजे तुले? काय पाह्यजे?"

मंग... दाराले तोंड लावून... हळूच...

"उरलेलं."

मनसारामनं दोन्ही हातांनी बरगडी दाबली. ओरडला नाई. माझ्याकडं पाहून हसायले गेला. ते हसणं मले अजून... जाऊ द्या.

उजाडल्यावरच निघालो. नंबर गेला होता. हातापाया पडून दुपारी त्याले मशीनमंधी घुसवलं. डॉक्टरनं जुना फोटो नव्याच्या बाजूले लावून पाह्यला. मंग म्हणे, "कॅन्सर कुठेच नाही."

बाई त्याच्या पायावर वाकली. त्यानं तिले मधातच थांबवलं.

"पण तो मेलेला डाग लहान व्हायला हवा होता. आता अर्ध्याहून जास्त लिव्हर मेलंय. भाजल्यासारखं. मधल्या काळात कोणाकडून पुन्हा जाळून घेतलं का?"

कोण जाळून घेईन, तुम्हीच सांगा! कॅन्सर बरा झाला अन् माणूस मेला. गणपती उठायच्याही आत. एवढा गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मले तं त्या दिवशी वरच्याचाही राग आला.

मातीले मी थांबलो होतो. त्या रात्री, तिथल्या रीतीनं, खाटेच्या जागेपासून उंबरठ्यापर्यंत पीठ पसरवलं. मेलेला घरातून निघून गेला का नाई, ते सकाळी पिठात दिसते म्हणतात. इंदिराबाईले शेजारच्या रुखमानं एका रातीपुरतं आपल्या घरी निजवलं. सकाळी तिले त्याच घरात परत जायचं होतं. दुसरं घर तिले नाई.

सकाळी देवरावनं कुलूप काढलं. बाई आमच्या मागं उभी.

पावलं होती. पुऱ्या माणसाची. पाचही बोटं साफ.

पण बोटं उंबरठ्याकडं नव्हती... आतल्या बाजूले होती. उंबरठ्यापासून खाटेपर्यंत. तिथून पुढं, जिथी कोणी पीठ टाकलंच नव्हतं, तिथीही पांढरी पावलं उमटली होती... स्वयंपाकाच्या खोलीत...

चुलीपाशी जाऊन थांबली होती.

परतीचं एकही नव्हतं.