क्षितिज किंचित तिरके

छायाचित्र चार हजार ठिपके रुंद होते. डाव्या कडेकडून उजव्या कडेकडे जाताना खोऱ्यापलीकडच्या सड्याच्या पठाराची सपाट रेघ अडुसष्ट ठिपके खाली उतरत होती. हेमांगीने दोनदा मोजले. मग पडद्यावरची मोजपट्टी पुसून टाकली, खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली आणि परत येऊन तिसऱ्यांदा मोजले. अडुसष्टच. म्हणजे जवळजवळ अठ्ठ्याण्णव शतांश अंश. भिंतीवरची तसबीर इतकी कलली तर घरात येणारा पाहुणाही जाता जाता हात लावून ती सरळ करतो.

रसिकने तेच केले होते. रविवारी सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी उंबरटेक वाडीहून चित्र आले आणि चार सेकंदांत त्याचा अभिप्राय उमटला: ‘क्षितिज तिरके. ०.९८ अंशाने फिरवून सरळ केले. प्रकाश सुंदर टिपला आहे. पुढच्या वेळी तिपाई तपासून घ्यावी.’ खाली नेहमीप्रमाणे नाव होते, हेमांगी केंजळे. रसिकचे सगळे अभिप्राय तिच्याच नावाने जात. यंत्राचे म्हणणे कोण मनावर घेतो, अशी हे ठरवताना चर्चा झाली होती.

“सुट्टीच्या दिवशी बोलावलंस म्हणजे एक तर केक आहे, नाही तर डोंगर पडतोय,” दारातून आत येत इरफान मुजावर म्हणाला. डोंगरउतार निरीक्षण केंद्रातला तो भूशास्त्रज्ञ. उतार कसे आणि कधी सुटतात याच्यावर त्याची वीस वर्षे गेली होती. “केक दिसत नाही.”

“बस. आधी एक विचारायचंय.”

“तू बसलीस तर मी बसतो. मघापासून काचेतून बघतोय, येरझाऱ्या घालतेयस.”

ती बसली. पेनचे टोपण काढले, परत लावले.

“रसिक काम कसं करतो, तुला माहीत आहे?”

“फोटोला नावं ठेवतो एवढं माहीत आहे.”

“साधारण तेच. एका छायाचित्र मंडळाने चाळीस वर्षांत निसर्गचित्रांवर लिहिलेले अकरा हजार अभिप्राय आम्ही त्याला शिकवले. कुठलंही चित्र आलं की त्याच्या सगळ्यात जवळचं, पण जाणकार नजरेला न खुपणारं असं दुसरं चित्र तो मनाशी तयार करतो. मन म्हणजे, समजून घे. मग या दोन चित्रांमधला फरक तो शब्दांत सांगतो आणि आकड्यात नोंदवतो. त्या आकड्याला आम्ही विचलनांक म्हणतो. अभिप्राय म्हणजे दोन चित्रांमधलं अंतर, बस्स.”

“म्हणजे चाळीस वर्षं लोकांनी एकमेकांना मारलेले टोमणे याला तोंडपाठ आहेत.”

“टोमणे वगळले.”

“मग अकरा हजारातले उरले किती?”

एरवी ती हसली असती. “इरफान, त्याला डोंगर कळत नाही. चित्र कळतं. आपल्या तीनशे बारा वाड्यांमधून दर रविवारी एकेक माणूस ठरलेल्या जागेवरून एकच दृश्य टिपून पाठवतो. रसिक ते सुधारतो, सुधारलेलं चित्र मागच्या आठवड्याच्या चित्राशी ताडून बघितलं जातं, आणि फरक नसला की अहवालात ‘उतार स्थिर’ असं लागतं. सही माझी.”

“सुधारलेलं चित्र ताडता? आणि मूळ?”

“मूळ एक दिवस राहतं, मग पुसलं जातं. लोक तिपाई कशीही ठेवतात. दर चित्र वेगळं तिरकं आलं तर तुलनाच होत नाही. म्हणून आधी सरळ करायचं, मग ताडायचं.” ती थांबली. “ही सूचना माझी.”

इरफानने खुर्ची पुढे ओढली. त्याची थट्टा संपली होती. “तिपाई उतारावर. क्षितिज खोऱ्यापलीकडे. उतार कलला तर तिपाई कलेल, आणि चित्रात क्षितिज कललेलं दिसेल. तू ते सरळ केलंस की झालं. अंगण तर तिपाईबरोबरच सरकतंय, ते चित्रात जागच्या जागीच दिसणार. मग यंत्र ‘स्थिर’ म्हणेल नाही तर काय म्हणेल? किती दिवस झाले हे तुझ्या लक्षात येऊन?”

“तीन रविवार.”

ती का थांबली होती हे त्याला ठाऊक होते. कोंडमाळ त्यालाही आठवत होते. दोन वर्षांपूर्वी हेमांगीच्या एका शब्दावर कोंडमाळ गाव रिकामे झाले होते. आठ दिवस माणसे शाळेच्या वर्गांत राहिली, दोन म्हशी दगावल्या, आणि डोंगराचा खडासुद्धा हलला नाही. परत जाताना एक म्हातारा तिच्यासमोर उभा राहून शांतपणे म्हणाला होता, “पोरी, पुढच्या टायमाला तू सांगितलंस तरी आमी उठणार न्हाय.” त्यानंतर केंद्राने नियम केला. दोन स्वतंत्र मोजमापे हवीत, समितीची सही हवी, आणि तोवर गावाला परस्पर कुणी काही सांगायचे नाही. समिती बुधवारी बसणार होती.

“आकडे दाखव.”

मूळ चित्रे पुसली गेली होती. अभिप्राय तेवढे शिल्लक होते. हेमांगीने शेवटचे पाच रविवार पडद्यावर एकाखाली एक आणले. एकोणीस शतांश. सव्वीस. तेहतीस. एक्कावन्न. आजचे अठ्ठ्याण्णव.

इरफानने शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले. “वाईट बातमी नाही अजून. महिन्याभरात सगळा मिळून एक अंश. तिपाईच्या डोक्याचा नट ढिला झाला असेल तर कॅमेऱ्याच्या वजनाने एवढं सहज होतं. एका तिपाईवर तू वाडी उठवायला निघालीस तर समिती तुला चहासुद्धा विचारणार नाही.”

“मीही तीन आठवडे स्वतःला हेच सांगतेय. नट ढिला आहे.”

“मग आज काय झालं?”

“आज मी नुसते आकडे न बघता शब्द वाचले.” तिने उंबरटेकचे बाकीचे अभिप्राय उघडले. सुधारणा लहान असली की रसिक ती शेवटी एका ओळीत लिही. त्या ओळी कुणी वाचत नसे.

‘उजवीकडचा कुंपणाचा खांब कललेला असल्याने उभ्या रेषांचा मेळ बिघडतो. उभा केला.’

‘आंब्याचे झाड चौकटीबाहेर झुकते, नजर बाहेर जाते. सावरले.’

‘अंगणातील काळी रेघ चित्राचे दोन तुकडे करते. पुसली.’

इरफानने शेवटची ओळ पुन्हा वाचली, या वेळी ओठ हलवत.

“ही रेघ म्हणजे काय? दोरी? सावली?”

“माहीत नाही. ते मूळ चित्र पुसलं गेलं. आजच्या चित्रात त्या जागी गवताच्या पेंढ्या रचल्यात.”

“विचार त्या बाईंना.”

“गावाला परस्पर…”

“इशारा द्यायचा नाही, असं म्हटलंय. फोटोबद्दल विचारायला कुणाची मनाई आहे? दर रविवारी तुझ्याच नावाने चाललंय की ते.”

तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट होता.

“बाई, तुमी? सोता?” अनुसया ढेबे यांचा आवाज एकदम उजळला. पन्नाशीच्या अनुसयाबाई दोन वर्षे एकही रविवार न चुकता चित्र पाठवत होत्या. “आत्ताच तुमचा अभिप्राय आला की. पुन्हा तिरकंच का वो? म्या आज लई बगून काडला हुता.”

“अनुसयाताई, तिपाईचा नट घट्ट आहे का?”

“नट? पान्यानं आवळलाय. हलंल तर शपथ. तुमी पयल्यांदा लिवलं तवाच मालकांकडनं आवळून घेटला.”

हेमांगीने इरफानकडे पाहिले. “मग तिरकं कशाने येतं?”

“काय की बाई. तिपाई अंगनातनं कदी हालवत न्हाय, आन् म्या तर दर बारीला सरळ करती. तुमचा अभिप्राय आला की लगीच जाती, आन् तिपाईच्या उताराकडच्या पायाखाली दगडाची पातळ चीप सारती. तुमी आकडा लिवता तेवडं सरळ हुईस्तवर. फोनात पट्टी हाय, तीत बगती. अगदी रेघंवर आनती. पुन्हा आइतवार आला की तिरकं. मालक हसत्यात. म्हंत्यात, तुज्या बाईंची नजरच तिरकी हाय.”

“दर आठवड्याला? दर आठवड्याला तुम्ही शून्यावर आणता?”

“तुमी सांगितल्याबिगर र्‍हाईन का? एवढं जिवाभावानं लिवता. चुकलेलं कुनीतरी सांगावं लागतंय, त्याबिगर मानूस शिकत न्हाय.”

हेमांगीने पेन टेबलावर ठेवले. अनुसयाबाईंना एकही ओळ तिने लिहिली नव्हती.

“आणि अंगणातल्या पेंढ्या?” तिने विचारले.

“त्या व्हय? जमिनीला भेग पडलीया. तुमीच लिवलं नव्हं, काळी रेघ बरी दिसत न्हाय? मग झाकली. हातभर लांब हुती, आता गोठ्यापातूर गेलीया. आन् बाई, आता तिपाईच कशाला, पान्याच्या पिंपाखालीबी चिपा घातल्यात. पानी येका अंगाला येत हुतं.”

इरफान उभा राहिला होता. “जरा थांबायला सांग,” तो हळूच म्हणाला. हेमांगीने फोनचा आवाज बंद केला.

“हे आकडे कल नव्हेत,” तो म्हणाला. फळ्यावरचे कुणाचे तरी गणित त्याने तळहाताने पुसले. “आपण समजत होतो, तिपाई आज एकूण एक अंश कललीय. ती दर रविवारी शून्यावर आणली जात होती. म्हणजे प्रत्येक आकडा त्या एका आठवड्याचा. हा वेग आहे, हेमांगी. तुझा रसिक दर आठवड्याला डोंगराचा वेग मोजून तिला कळवत होता, आणि ती पाटी कोरी करून त्याच्या हातात देत होती. ती भांडली असती, ‘माझं काही चुकलेलं नाही’ म्हणून बसून राहिली असती, तरी आपल्याला आधी कळलं असतं.”

“उतार कधी सुटेल, त्याचं तुझं सूत्र?”

“सुटायला आलेल्या उताराचा वेग वाढत जातो. त्या वेगाने एकाला भाग. येणारं उत्तर सहसा सरळ रेघेत खाली येतं. ते शून्याला टेकतं, तो दिवस.” तो बोलता बोलता लिहीत होता. पाच पूर्णांक तीन. तीन पूर्णांक आठ. तीन. दोन. शेवटचा आकडा लिहिताना खडू मोडला. एक.

पुढे काय येणार हे त्याने लिहिले नाही.

“पुढचा रविवार,” हेमांगी म्हणाली.

“कागदावर. खरा उतार कागदाची वाट बघत नाही, आधीच सुटतो. पाऊस आला तर आणखी आधी. आणि पिंप व तिपाई एकाच बाजूला कलतायत म्हणजे नटाचा प्रश्न मिटला. अख्खं अंगण जातंय, वाडीखालची शाळाही त्याच उतारावर आहे, तिथे आसरा घेता येणार नाही.” त्याने नकाशा ओढला. “वाडीच्या पूर्वेला खडकाची सोंड आहे. तिथे जायला हवं. खालच्या रस्त्याने नको, सगळा रस्ता याच्याच वाटेत येतो.”

“दोन स्वतंत्र मोजमापं.”

“तिपाई आणि पिंप.”

“समिती पिंप मोजमापात धरणार नाही. बुधवारी विचारतील, तुमच्याच सहीचे आजवरचे सगळे अहवाल ‘स्थिर’ म्हणतात, खरं कुठलं धरायचं? मग मला सांगावं लागेल की यंत्रणाच खोटं दाखवते. तीनशे बारा वाड्यांची.”

“लागेल.”

“आणि पुढच्या रविवारपर्यंत नाही पडला तर?”

इरफान या प्रश्नाला उत्तर देऊ शकला असता; उताराचे अंदाज किती वेळा चुकतात याची टक्केवारी त्याला पाठ होती. त्याने ती सांगितली नाही. “तर तुला शिव्या बसतील,” तो म्हणाला. “मलाही. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला मी लावतो. पण तिथून माणूस वर पोचायला दुपार होईल. आणि वाडी माझ्या सांगण्यावरून उठणार नाही, त्या कक्षाच्याही नाही. तिथे ऐकतात तुझं.”

तिकडे अनुसयाबाई फोनवर अजून बोलत होत्या. पलीकडे कुणी ऐकत नाही हे त्यांच्या गावी नव्हते. हेमांगीने आवाज सुरू केला.

“…तर त्यो आंबाबी बांदून घेऊ का, बाई? दोर लावून? तुमी मागं लिवलं हुतं, भाईर झुकतुया म्हनून. आन् आजच्याला काय सुदारू त्ये सांगा, म्हंजी आत्ताच करून टाकती. चिपा काडून ठिवल्यात.”

हेमांगी उभी होती. इरफानने दुसऱ्या फोनवर आकडे दाबले होते आणि तो तिच्याकडे बघत थांबला होता.

“अनुसयाताई,” ती म्हणाली, “तुमचं काहीच चुकलेलं नाही. एकाही रविवारी चुकलं नव्हतं. चिपा राहू द्या. गुरं सोडा, घराघरात हाका द्या आणि सगळ्यांना घेऊन पूर्वेच्या सोंडेवर चढा. खालच्या रस्त्याने कुणी जायचं नाही. उंबरटेक रिकामं करायचं, आत्ता. हे मी सांगते आहे.”