उसनं वळण

धामणखेडात येऊन शाल्मलीला पाऊण तासही झाला नव्हता, आणि ती एका अनोळखी घरात मागच्या दाराने बिनधास्त शिरली.

दाराशी चार दगडी पायऱ्या होत्या. तिसरीवरून तिने टुणकन उडी मारली, चौकटीखाली बरोबर वाकली, कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा पायानेच पुढे ओढून त्यावर बसली आणि समोरच्या परातीतले मूठभर सोले, म्हणजे तुरीचे कोवळे हिरवे दाणे, तोंडात टाकले. मग मात्र ती दचकली. हे स्वयंपाकघर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. परातीपलीकडे पंचावन्न-साठीच्या एक बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांच्या हातातली शेंग अर्धवट सोललेलीच राहिली होती. आता आपली धडगत नाही, असं शाल्मलीला वाटलं.

बाई म्हणाल्या, "हात धुतले का वं?"

या रेखाकाकू आमले. घराचा पुढचा भाग त्यांनी देवस्थळी कुटुंबाला आठवडाभरासाठी भाड्याने दिला होता. म्हणजे शाल्मलीला, तिच्या आईला आणि बाबांना.

एवढा सगळा आगाऊपणा शाल्मलीचा नव्हता, तो तिच्या उजव्या कानामागच्या टिकलीएवढ्या चकतीचा होता. चकतीचं नाव रुळवणी. एखाद्या गावात वर्षानुवर्षं राहिल्यावर माणूस रुळतो, तसं ही चकती अर्ध्या तासात रुळवायची. शाल्मलीला त्यामागचं विज्ञान भारी आवडलं होतं आणि गाडीत तिने ते आईबाबांना तीनदा समजावून सांगितलं होतं. आपल्या मेंदूत दोन वेगळी कोठारं असतात. सायकल कोणी शिकवली, पहिल्यांदा कुठे आपटलो, ही आठवण एका कोठारात. सायकल चालवता येणं हे वळण, आणि ते दुसऱ्याच कोठारात. गावातलं कोणीतरी वर्षभर ही चकती लावून वावरतं आणि तिच्यात त्याचं सगळं वळण साठतं. कुठल्या बोळात पाय वळतो, भाकरी कशी थापतो, जीभ कोणत्या शब्दावर रेंगाळते, सगळं. पाहुण्याने चकती लावली की ती त्याच्या मेंदूला तेच सुचवत राहते. ढकलत नाही, नुसतं सुचवते. आठवण मात्र एकही येत नाही. वळण कोणाचं, हेही चकतीची कंपनी सांगत नाही.

हा बेत आईचा. बाबांच्या सहलींना ती विटली होती. महाबळेश्वरचे अकरा पॉइंट सकाळी साडेअकराच्या आत उरकणारा माणूस तो. त्यांच्या फोनमध्ये एक नकाशा होता, आणि बघून झालेल्या गावावर ते त्यात लाल टाचणी टोचत. एकदा टाचणी बसली की ते गाव संपलं. तिथे पुन्हा जायचं नाही, असा घरचा नियमच होता. या वेळी आईने ठणकावून सांगितलं होतं की नाताळच्या सुट्टीत एकच गाव, सात दिवस, आणि बघायचं काहीही नाही. म्हणून अकोटच्या पुढचं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे छोटं गाव.

बाबा पहिल्या दिवशी तडफडले. तासाभरावर नरनाळ्याचा किल्ला आणि आपण इथे पोहे खात बसलोय, हे त्यांनी चार वेळा बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या चकतीने त्यांना चौकातल्या पानठेल्यावर नेलं. तिथल्या बाकावर मांडी घालून ते अडीच तास बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय म्हनता भाऊ" विचारत राहिले. घरी आल्यावर ते स्वतःवरच इतके चिडले होते, की आई हसून हसून खाली बसली.

शाल्मलीला तर पंखच फुटले होते. पुण्यात चारचौघांत तोंड उघडायला ती आत्ता कुठे शिकत होती. वर्गात हात वर करायचा झाला तर आधी मनात तीनदा वाक्य जुळवायची. इथे ती पानमळ्यातल्या मांडवाखालून वाट न चुकता पलीकडच्या नळावर निघायची, आणि चार वाजले की पाय आपोआप काकूंच्या मागच्या दाराकडे वळायचे. तिसरी पायरी टाळून उडी, डबा, मूठभर सोले. काकू फार बोलायच्या नाहीत. पण तिच्या हातांकडे मात्र बघत राहायच्या. शेंग सोलताना शाल्मली अंगठ्याच्या नखाने एक टिचकी मारायची, की शेंग फट्‌कन उघडायची. ती टिचकी ऐकली की काकू स्वतःशीच हसायच्या. घरी परतताना दारात क्षणभर थांबून शाल्मली म्हणायची, "येतो काकू." वऱ्हाडात बायकाही 'मी येतो' म्हणतात. आयुष्यभर 'येते' म्हणणाऱ्या शाल्मलीला आपल्या तोंडचा तो 'येतो' भलताच ऐटबाज वाटायचा.

पाचव्या दिवशी तिने केस धुतले. चकती काढून खिडकीत ठेवली आणि चार वाजता तशीच, विसरून, निघाली.

चारही पायऱ्या ती एकेक करून चढली. तिसरी चांगली घट्ट होती. वाकायचं भान राहिलं नाही, म्हणून चौकट कपाळाला लागली. कपाळ चोळत तिने विचारलं, "येऊ का?"

काकूंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन उतरलं, जसा दिवा कोणी दुसऱ्या खोलीत न्यावा. त्या लगबगीने उठल्या. आतून खुर्ची आणली, पदराने पुसली, आणि म्हणाल्या, "बसा ना."

बसा. चार दिवस 'कावं पोरी' होती, आज 'बसा' झाली. मग कपबशीत चहा आला, ताटलीत चार बिस्किटं आली आणि पुण्याला थंडी कितीक हाये, अशी चौकशी झाली. डबा कोपऱ्यात होता, परातीत सोले होते, पण खुर्चीवरून त्यांच्यापर्यंत हात पोचत नव्हता. शाल्मलीने चहा संपवला आणि निघताना काय म्हणावं ते न सुचून ती नुसतीच हसली.

त्या संध्याकाळी ती जेवलीच नाही. आईने काय झालं विचारलं तेव्हा म्हणाली, "मी आवडतच नव्हते त्यांना. दुसरंच कोणीतरी आवडत होतं."

आई म्हणाली, की हे मला सांगून काय उपयोग, त्यांनाच विचार.

दुसऱ्या दिवशी शाल्मली चकतीशिवायच गेली आणि खुर्ची यायच्या आत जमिनीवर बसली. चकतीत कोणाचं वळण आहे, असं तिने सरळ विचारून टाकलं. काकूंनी दोन शेंगा सोलल्या. तिसरी हातात तशीच धरून त्या बाहेर बघत बोलायला लागल्या.

"ते तिसरी पायरी पायली? आधी ते हालत होती. माही प्रांजली दहा वर्साची असताना तिच्यावरून पडली, दात तुटला. तवापासून उडीच मारे. मंग आमी पायरी पक्की बसवली, त्याले झाले सात वर्स. आता गावात कोनी उडी मारत नाई. एक प्रांजलीच मारे."

प्रांजली चार वर्षांपूर्वी नेदरलँडला गेली. तिथे काचघरांत वेली वाढवायचं काम करते. जायच्या आदल्या वर्षी तिने चकती लावून आपलं वळण कंपनीला दिलं होतं. जाण्यावरून मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. इतकी वर्षं मागच्या दाराने येणारी-जाणारी पोरगी त्या दिवशी पुढच्या दाराने गेली, आणि जाताना 'येतो' म्हणाली नाही. फोन करते, पाच मिनिटांचा. मग त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नाशिकची कोणी एक बाई घर भाड्याने घेऊन राहिली, आणि चार वाजता तिसऱ्या पायरीवरून उडी मारून आत आली. काकूंच्या हातातून परात पडली होती. तेव्हापासून त्यांनी पुढचा भाग एकही आठवडा रिकामा ठेवलेला नाही. कधी नाशिकच्या बाई, कधी सांगलीचे टक्कलवाले मास्तर, तेही उडी मारत.

"ती येत नाई," काकू म्हणाल्या. "पन तिचं येनं येते."

शाल्मलीने परात जवळ ओढली आणि शेंग सोलायला घेतली. टिचकी काही केल्या जमली नाही. शेंग चिरडली, नखात हिरवं गेलं, अर्धे दाणे भिंतीकडे उडाले. काकूंनी ते वेचून परत परातीत टाकले आणि म्हणाल्या, "राहू द्या तुमी."

पण शाल्मलीने राहू दिलं नाही. तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस तिने चकतीला हात लावला नाही. नळावर जाताना ती पानमळ्यात दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा मळ्यातल्या माणसाने हसत हसत तिला बाहेर काढलं. दुसऱ्या खेपेला त्याने तिचं नावही विचारलं. चकती असताना ते कोणीच विचारलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. न अडखळता निघून जाणाऱ्या माणसाला कोण कशाला थांबवेल? काकूंकडे तिने दोन दिवसांत परातभर शेंगा सोलल्या, कपाळ आणखी एकदा आपटलं, आणि सोलेभाताला फोडणी देताना मोहरी करपवली. तो करपट वास घरभर पसरला तशा काकू ओरडल्या, "अवं, गॅस तं कमी कर, भलतीच हायेस तू!" आणि ओरडून झाल्यावर त्याच थबकल्या. शाल्मली मात्र करपलेल्या मोहरीसमोर उभी राहून आनंदाने फुलली होती. 'तू'! तिच्या स्वतःच्या चुकीवर मिळालेलं, तिचं स्वतःचं 'तू'.

आठव्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढलं. शाल्मली निरोप घ्यायला मागे गेली, तर काकू पायरीवरच बसल्या होत्या. त्या बराच वेळ घुटमळल्या. मग म्हणाल्या की कंपनीचा प्रांजलीशी पाच वर्षांचा करार होता, तो या महिन्याअखेर संपतो. प्रांजलीने पुढे वाढवायला नकार दिला आहे. पुढच्या पाहुण्यांना दुसऱ्याच कोणाचं तरी वळण मिळेल.

"एक डाव," त्या खाली बघत म्हणाल्या, "लावून येशीन?"

शाल्मली धावत गेली आणि चकती घेऊन आली. अंगणाच्या टोकाला उभं राहून तिने ती कानामागे लावली आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात पाय हलके झाले. ती चालत आली, तिसऱ्या पायरीवरून टुणकन उडी मारली, न बघता वाकली, डबा पायाने ओढला, मूठभर सोले उचलले. नखाची टिचकी फट्‌कन वाजली. काकू आता आतल्या भिंतीला टेकून बघत होत्या, पापणीही न लववता. मग ती उठली, दारात क्षणभर थांबली, आणि तिच्या तोंडून आलं, "येतो."

काकूंनी डोळे मिटून घेतले. "ये," त्या हळूच म्हणाल्या. कोणाला, ते शाल्मलीला ठाऊक होतं आणि त्याचं तिला आज वाईटही वाटलं नाही.

तिने कानामागची चकती काढली आणि मुठीत धरली. पाय पुन्हा तिचे, जड झाले. बाहेर बाबांनी गाडी सुरू केल्याचा आवाज आला. आता नुसतं निघून गेलं तरी चाललं असतं, निरोप तर झालाच होता. पण ती परत वळली. चौकट चुकवायला मुद्दाम खाली वाकली, तरी डोकं जरासं घासलंच.

"काकू," ती म्हणाली, "येते."

काकूंनी डोळे उघडले. समोर उभ्या असलेल्या, कपाळावर टेंगूळ आणि नखात हिरवा रंग असलेल्या पोरीकडे त्यांनी नीट बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

शाल्मली गडबडली. 'येते' म्हटलं की समोरचा 'ये' म्हणतो, एवढंच तिला माहीत होतं. कधी, असं आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं. नाशिकच्या बाईंना, सांगलीच्या मास्तरांना, काही क्षणांपूर्वीच्या त्या 'येतो'लाही काकूंनी ते विचारलं नव्हतं. वळणाला विचारून काय उपयोग? त्याला उत्तर देता येत नाही.

घराला वळसा घालून ती पळत गाडीपाशी गेली. काकू चपला न घालताच तिच्या मागे आल्या होत्या. बाबांच्या फोनवर नकाशा उघडा होता. धामणखेडावर त्यांचं बोट टेकलेलं होतं, लाल टाचणी मात्र अजून उमटली नव्हती.

खिडकीत डोकं घालून, धापा टाकत शाल्मलीने विचारलं,

"बाबा, कधी?"