डाव्या दारातला स्पीकर

तेजवंतनं किल्ली काउंटरवर भिरकावली, तिथंच मलकीतसिंगचं डोकं फिरलं. लुधियान्याच्या गिल रोडवर सव्वीस वर्षं तो गाड्यांना म्युझिक बसवत होता. त्याच्यापुढे किल्ली फेकायची कुणाची छाती नव्हती. पण हा पडला होणाऱ्या जावयाचा थोरला भाऊ, आणि लग्न परवावर आलेलं. त्यानं राग गिळला.

“गाडी आमची, म्युझिक तुमचं, अंकलजी. परवा तुमची सिमरत याच गाडीतून आमच्या घरी येणार. मागच्या डाव्या दारात मोठा स्पीकर हवा. आमच्या सुना तिथंच बसतात.”

“बेटा, गाणं समोरून ऐकू यायला हवं. मागं छोटे लावायचे, दोन्ही दारांत, बेताच्या आवाजाचे. एकाच कानाशी दणका कशाला?”

“शिकवू नका. लावा.”

त्या सीटवर तेजवंतची बायको बसली होती. मलकीतसिंगनं खिडकीतून पाणी विचारलं. तिनं ओठ हलवले, पण ऐकू काही आलं नाही.

“आली तेव्हा फार बडबडायची,” तेजवंत हसला आणि गाडी तिथंच ठेवून तिला रिक्षानं घेऊन गेला. मलकीतसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसल्या घरात देतोय आपण पोरीला?

त्यानं दाराचं आवरण काढलं. पत्र्यात गोल भोक आधीच होतं, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. आत तार नव्हती की स्पीकर.

नवा स्पीकर त्यानं टेबलावर तपासला. साधा सेल लावला की पडदा बाहेर उसळायला हवा, उसळला. मग दारात बसवून पुन्हा सेल लावला. पडदा आत गेला. तारा उलट्या केल्या, तरी आतच. शिवी हासडून त्यानं दुसरा खोका फोडला. टेबलावर पडदा बाहेर, दारात आत.

सेल काढून त्यानं पडद्यावर तळवा ठेवला. पडदा सावकाश आत ओढला जात होता.

खड्ड्यात गेलं ते घर, असं म्हणत त्यानं दुकानात जाऊन तेजवंतला फोन लावला. “माझी मुलगी तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही. लग्न मोडलं समजा.”

“पण ती बसलीय ना आत?” तेजवंतनं शांतपणे विचारलं.

मलकीतसिंगनं वळून पाहिलं.

त्याचा जेवणाचा डबा घेऊन सिमरत आली होती. मागच्या डाव्या सीटवर बसून ती हसत काहीतरी सांगत होती. चार पावलांचं अंतर, खिडकीची काच खाली. भर दुपारी रस्त्यावरचे ट्रॅक्टर ऐकू येत होते, तिचा एक शब्द येत नव्हता.

तिचे ओठ हलले की तिच्या कोपराजवळचा पडदा आत जायचा.

धावत जाऊन त्यानं तिला ओढून बाहेर काढलं. स्पीकर स्क्रूसकट उपटला आणि रस्त्यावर आपटला.

“बोल, पुत्तर. काहीतरी बोल.”

सिमरतनं ओठ हलवले. मग घाबरून तिनं गळ्याला हात लावला.

दाराच्या रिकाम्या भोकातून तिचा आवाज आला.

“पापाजी, रोट्या गार होतायत.”